आधी ताट, मग बाटली: शरीरातली लसिकेची गळती कशी ओळखायची

फेब्रुवारीअखेरचे दिवस होते. मंगळवेढ्याकडचे एक काका ज्वारीची रास करताना ट्रॉलीवरून पाठीवर आपटले. अंग दुखतंय म्हणून आठवडाभर घरीच पडून राहिले. धाप लागायला लागली तेव्हा मुलानं सोलापूरला आणलं. एक्स-रेत छातीच्या उजव्या बाजूला पाणी. मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. सुई घातली, पाणी पिवळं आणि स्वच्छ निघालं. रिपोर्टमध्ये प्रोटीन जास्त, पेशींमध्ये ९० टक्क्यांच्या वर लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. आपल्याकडे असा रिपोर्ट बघितला की हात आपोआप टीबीच्या गोळ्यांकडे जातो. माझाही गेला. एडीए, म्हणजे टीबीच्या पाण्यात बहुधा वाढणारं एन्झाइम, कमी आलं होतं, तिकडे मी काणाडोळा केला.

तीन आठवड्यांनी काका परत आले, ते आडवं पडता येईना इतकी धाप घेऊन. या वेळी बाटलीत उतरलं ते दुधासारखं पांढरं होतं.

पहिल्या खेपेला पाठदुखीमुळे त्यांच्या पोटात चार दिवस चहा आणि पेज यापलीकडे काही गेलं नव्हतं. घरी गेल्यावर जेवण सुरू झालं: शेंगापोळी, तूप, दही. फुटलेली वाहिनी तीच होती, तिच्यातून गळणारा रस तोच होता. बदललं होतं फक्त ताट. आणि ताटाबद्दल मी पहिल्या दिवशी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत त्यांचं जे वजन गेलं ते भरून यायला दोन महिने लागले.

तेव्हापासून छातीत, पोटात किंवा ड्रेनच्या (आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत कारण न कळणारं पाणी दिसलं की मी आधी जेवणाचं विचारतो. हा लेख रात्रपाळीला वॉर्डात एकट्या असणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी आणि तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठी आहे. नातेवाइकांनीही वाचावा, कारण रुग्णानं काय खाल्लं हे डॉक्टरपेक्षा त्यांनाच नीट ठाऊक असतं.

हा रस पांढरा का असतो

रक्तवाहिन्यांतून पेशींच्या सांदीत झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात नेणारं एक वेगळं जाळं शरीरात असतं. त्यातला द्रव म्हणजे लसिका, इंग्रजी वळणानं लिम्फ. हातापायांतली लसिका फिकट पिवळी, जवळजवळ पाण्यासारखी असते. आतड्यातली मात्र जेवणानंतर दुधाळ होते, कारण तेला-तुपातली लांब साखळीची चरबी थेट रक्तात न जाता बारीक थेंबांच्या रूपात लसिकेत उतरते. या थेंबांना कायलोमायक्रॉन म्हणतात आणि त्या दुधाळ रसाला काइल.

१६२२ साली इटलीत गास्पारे आसेली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं. आतड्याच्या पडद्यावर त्यांना पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा दिसल्या, कापल्यावर पांढरा रस आला. पुढे उपाशी कुत्र्यात तेच शोधलं तर काहीच दिसेना. खाऊ घातलेल्या कुत्र्यात पुन्हा दिसलं. चारशे वर्षांपूर्वीचा हा धडा मी त्या फेब्रुवारीत विसरलो होतो.

आतड्यातला आणि कमरेखालचा हा सगळा रस थोरॅसिक डक्ट नावाच्या बारीक वाहिनीतून वर चढतो. ती पोटात मणक्यापुढे सुरू होते, छातीत मणक्याच्या उजव्या अंगानं वर जाते, छातीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे वळते आणि मानेच्या डाव्या बाजूला मोठ्या शिरेत रिकामी होते. हा रस्ता पाठ करून ठेवा, पुढे कामी येतो. मोठ्या माणसात तिच्यातून दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर रस वाहतो. त्यात चरबी असतेच, शिवाय प्रोटीन, लिम्फोसाइट आणि चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वंही असतात. म्हणून गळती लांबली की रुग्ण डोळ्यांदेखत वाळत जातो.

पहिली पायरी: शंका कुणाबद्दल घ्यायची

अन्ननलिकेचं, हृदयाचं, फुप्फुसाचं किंवा मानेचं ऑपरेशन झालेला रुग्ण. आपल्या भागात मानेचा मुद्दा मोठा आहे. तंबाखू-चुना, मावा आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इथे भरपूर, आणि तोंडाच्या ऑपरेशनसोबत मानेतल्या गाठी काढाव्याच लागतात. डाव्या मानेत, हसळीच्या हाडाच्या वर, ही वाहिनी अगदी सर्जनच्या हाताखाली येते. ऑपरेशननंतर दोन दिवस ड्रेन कमी कमी होत आला, नळीतून दूध-फीड सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी ड्रेन एकदम वाढला, रंग गढूळ झाला, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. सर्जनला रात्रीच फोन करा.

दुसरा गट मार लागलेल्यांचा. इथे एक फसवणूक आहे: मार लागल्याबरोबर छातीत पाणी दिसत नाही. रस आधी छातीच्या मधल्या भागात साठतो आणि दोन ते दहा दिवसांनी फुटून फुप्फुसाभोवती येतो. त्यामुळे पहिला एक्स-रे चांगला म्हणून घरी पाठवलेला माणूस आठवड्यानं धापा टाकत येतो.

तिसरा गट ऑपरेशनही नाही आणि मारही नाही अशांचा. यात सगळ्यात आधी लिम्फोमाचा, म्हणजे लसिकेच्या गाठींच्या कॅन्सरचा, विचार करायचा: काखेत, मानेत, जांघेत हात लावून गाठी बघा, रात्रीचा घाम आणि उतरलेलं वजन विचारा. मग टीबीच्या गाठी, लिव्हर सिरोसिस, मानेतल्या मोठ्या शिरेत झालेली गुठळी (सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत सलाइनची नळी, टाकलेल्यांत हे विसरू नका) आणि हत्तीरोग. नवजात बाळातही जन्मतः अशी गळती असू शकते.

लक्षणांत एक खूण मला फार उपयोगी वाटते. काइलनं फुप्फुसाच्या आवरणाची आग होत नाही आणि त्यात जंतूही सहज वाढत नाहीत. म्हणून छाती पाण्यानं भरलेली असूनही ताप नाही, श्वास घेताना टोचत नाही, फक्त धाप आहे, आणि काढलेलं पाणी दोन-तीन दिवसांत परत भरतंय, असं चित्र दिसलं की सावध व्हा.

दुसरी पायरी: ताट विचारा

सुई घालण्याआधी केसपेपरवर लिहा: शेवटचं जेवण कधी, काय, त्यात तेल-तूप किती. “जेवलात का?” एवढा प्रश्न पुरत नाही. “हो” म्हणणाऱ्या आजींनी ताकात कुस्करलेली चतकोर भाकरी खाल्लेली असते. मी असं विचारतो: “मावशी, काल रात्री ताटात काय होतं? भाजीवर तर्री होती का? भाकरीबरोबर चटणी घेतली का?” सोलापुरात रुग्ण कन्नड किंवा तेलुगू बोलणारा असतो हेही नेहमीचं. “ऊटा आयता?” किंवा “तिन्नारा?” म्हणणाऱ्या सिस्टर वॉर्डात असतातच. त्यांच्याकडून हा प्रश्न नीट, सविस्तर विचारून घ्या. आयसीयूत असेल तर नळीतून काय चाललंय, की नुसतं सलाइन आहे, तेही लिहा.

रुग्ण उपाशी असेल तर पाणी पिवळं दिसेल, गुलाबी दिसेल, कसंही दिसेल. काइल सिद्ध झालेल्या रुग्णांतही बऱ्याच जणांचं पाणी दुधाळ नसतं. रंगावरून हो म्हणू नका आणि नाही तर मुळीच म्हणू नका.

तिसरी पायरी: बाटली बघा

पाणी पांढरं आलं तरी तीन शक्यता उरतात: पू, काइल आणि जुनं साठलेलं कोलेस्टेरॉलचं पाणी. टेस्ट ट्यूबमध्ये थोडं घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. पू असेल तर पेशी तळाशी बसतात आणि वरचा भाग स्वच्छ होतो. काइल तसंच गढूळ राहतं. घाण वास आला तर पूच समजा आणि त्या दिशेनं पळा. जुनं कोलेस्टेरॉलचं पाणीही फिरवून निवळत नाही, त्याचा निकाल लॅबमध्येच लागतो.

चौथी पायरी: लॅबला काय पाठवायचं

सगळा भार या पायरीवर आहे आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एकाच वेळी काढलेल्या पाण्यातून ट्रायग्लिसराइड (तेला-तुपातल्या चरबीचं रूप), कोलेस्टेरॉल, प्रोटीन, एलडीएच, साखर, एडीए, पेशींची मोजणी, कल्चर, टीबीसाठी सीबीनॅट आणि कॅन्सरच्या पेशींसाठी सायटॉलॉजी पाठवा. लिम्फोमाची शंका असेल तर सायटॉलॉजीला भरपूर पाणी द्या, पाच मिलीवर भागवू नका. त्याच दिवशी रक्तातलं ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, प्रोटीन, एलडीएच आणि साखरही तपासा. बायोकेमिस्ट्रीसाठी साधी बाटली, पेशींसाठी ईडीटीएची (गुठळी होऊ न देणारी).

ट्रायग्लिसराइड ही रोज शेकड्यांनी होणारी, कमी खर्चाची तपासणी आहे. पण लॅबच्या डोक्यात ती रक्ताची तपासणी असते. छातीच्या पाण्यावर ती मागितली की फॉर्म चुकला असं समजून बाजूला ठेवला जातो, किंवा रक्ताचीच तपासणी करून पाठवली जाते. म्हणून फॉर्मवर मोठ्या अक्षरात “छातीच्या पाण्यातलं ट्रायग्लिसराइड” लिहा आणि लॅबमध्ये फोन करून सांगा. नमुना फार दुधाळ असेल तर मशीनवर घेण्याआधी तो पातळ करावा लागतो, हेही तंत्रज्ञांना आधी कळलेलं बरं. एक फोन केल्यानं दोन दिवस वाचतात.

पाचवी पायरी: आकडे वाचायचे कसे

छातीच्या पाण्यात ट्रायग्लिसराइड ११० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ते काइल असण्याची शक्यता फार मोठी. ५० च्या खाली असेल तर काइल नसण्याची शक्यता मोठी, पण रुग्ण जेवत असला तरच. उपाशी माणसाच्या ५० खालच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ५० ते ११० च्या मधे अडकलात तर लिपोप्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करून कायलोमायक्रॉन शोधावे लागतात. ते सापडले की वाद संपला. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना बाहेर पाठवावा लागतो, म्हणून आधी जेवायला घालून पुन्हा साधं ट्रायग्लिसराइड करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पाण्यातला आकडा रक्तातल्या आकड्याशेजारी ठेवून बघा. ज्याच्या रक्तातच ट्रायग्लिसराइड प्रचंड आहे त्याच्या साध्या पाण्यातही ते वाढलेलं दिसू शकतं. काइलमध्ये ते रक्तापेक्षा जास्त असतं, आणि कोलेस्टेरॉल रक्तापेक्षा कमी.

कोलेस्टेरॉल २०० च्या वर, ट्रायग्लिसराइडपेक्षाही जास्त, सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी कोलेस्टेरॉलचे स्फटिक, आणि एक्स-रेत वर्षानुवर्षांचं जाड झालेलं आवरण असेल तर ती लसिकेची गळती नव्हे. जुन्या टीबीनं किंवा संधिवातानं साठून राहिलेलं ते पाणी. तिथे चरबी बंद करून रुग्णाला उपाशी मारू नका.

पोटातल्या पाण्यासाठी साधारण २०० च्या वरचा आकडा धरतात. मानेच्या ड्रेनमध्ये १०० च्या वर गेला तर सर्जन गळती धरून चालतात.

आता टीबीचं. काइलमध्ये मुळातच लिम्फोसाइट भरपूर आणि प्रोटीन जास्त असतं. म्हणजे त्याचा कागदावरचा चेहरा थेट टीबीच्या पाण्यासारखा. फरक पाडतात ते एडीए आणि ट्रायग्लिसराइड. एडीए कमी असताना फक्त लिम्फोसाइट बघून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी, माझ्या त्या काकांसाठी म्हणून तरी, ट्रायग्लिसराइड पाठवा. उलटी बाजूही ध्यानात असू द्या: टीबीच्या गाठींनी वाहिनी दाबली जाऊन काइल साठतं. काइल सापडलं म्हणून टीबी आपोआप बाद होत नाही.

सेंट्रल लाइनमधून पोषणाचं पांढरं सलाइन चालू असेल आणि अचानक छातीत पांढरं पाणी आलं, तर लाइनचं टोक कुठे आहे ते आधी बघा. सलाइनच छातीत गळत असेल तर त्या पाण्यातली साखर रक्तापेक्षा कितीतरी जास्त येते.

सहावी पायरी: खाऊ घालून बघणं

शंका दाट आहे, पण रुग्ण उपाशी आणि आकडा कमी, अशा वेळी खाण्याआधी एक नमुना घ्या, मग साय, लोणी किंवा तूप घातलेलं खाणं द्या आणि काही तासांनी दुसरा घ्या. ड्रेन वाढला, रंग बदलला, आकडा चढला की उत्तर मिळालं. नळीतून फीड चालू असेल तर त्यातच साय मिसळता येते. मात्र अन्ननलिकेचा किंवा आतड्याचा ताजा टाका असेल तर हे सर्जनला विचारल्याशिवाय करायचं नाही. निदान आधीच पक्कं असेल तर खात्रीसाठी म्हणून पुन्हा तूप पाजायचं नाही. प्रत्येक चमच्याबरोबर गळती वाढते.

सातवी पायरी: फुटलंय कुठे

आता तो पाठ केलेला रस्ता आठवा. वाहिनी खालच्या छातीत उजवीकडे असते, म्हणून तिथली इजा उजवीकडे पाणी भरते. वरच्या छातीतली इजा डावीकडे. काकांची पाठ खालच्या बाजूला आपटली होती आणि पाणी उजवीकडे होतं. एक्स-रे पहिल्याच दिवशी बोलत होता.

छाती आणि पोटाचा सीटी स्कॅन गाठी, गुठळ्या आणि ट्यूमरसाठी करायचाच. नेमकं छिद्र शोधायला लिम्फँजिओग्राफी लागते: सोनोग्राफीखाली जांघेतल्या गाठीत तेलकट औषध, लिपिओडॉल, हळूहळू सोडतात आणि ते वर चढताना एक्स-रेवर बघतात. तेच तेल काही रुग्णांत छिद्र बुजवूनही टाकतं. एमआरआयनं आणि किरणोत्सारी औषधानंही हा मार्ग दिसतो. दिवसाला काही शे मिली गळती असेल आणि खाण्यातल्या बदलानं ती उतरत असेल तर अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला पळण्याची घाई नाही. दिवसाला लिटरभर गळत असेल आणि चार-पाच दिवसांत उतरत नसेल तर मात्र वेळ दवडू नका.

छाती-पोटाच्या बाहेर

दुधासारखी लघवी. सोलापूर हा हत्तीरोगाचा जिल्हा आहे, त्यामुळे हे आपल्याला माहीत असायलाच हवं. क्युलेक्स डासातून शिरलेल्या जंतांनी लसिकावाहिन्या तुंबतात, फुगतात आणि मूत्रमार्गात फुटतात, कधी कधी जंताची लागण होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर. तरुण माणूस “धातू जातोय” असं समजून लाजतो आणि भलत्याच माणसाकडून महिनोन्महिने पुड्या घेतो. त्याला एवढंच सांगा: रात्री नीट जेव आणि सकाळची पहिली लघवी काचेच्या ग्लासात धर. ग्लास खिडकीत तासभर न हलवता ठेवला की वर सायीसारखा थर, मधे कधी गुलाबी गुठळी, तळाशी गाळ असे तीन थर दिसू शकतात. लॅबमध्ये त्यात ईथर घालून हलवलं की चरबी विरघळते आणि लघवी निवळते. ॲसिटिक ॲसिडनं निवळली तर ते फॉस्फेट, काळजीचं कारण नाही. पू असेल तर पेशी दिसतात. लघवीत ट्रायग्लिसराइड मोजा, एरवी ते तिथे जवळपास नसतंच. जंतांसाठी रक्त रात्री दहा ते दोनच्या दरम्यान घ्यायचं, कारण आपल्याकडचे जंत रात्रीच रक्तात उतरतात. लघवीच्या या टप्प्यावर ते बऱ्याचदा सापडत नाहीत, म्हणून रिकाम्या काचपट्टीनं निदान खोडू नका. कोणत्या बाजूच्या मूत्रपिंडातून येतंय ते आदल्या रात्री तुपाचं जेवण देऊन केलेल्या सिस्टोस्कोपीत (मूत्राशयात दुर्बीण घालून बघण्यात) दिसतं.

जांघेतल्या किंवा पायावरच्या जखमेतून दिवसरात्र झिरपणारं पाणी स्वच्छ पिवळंच असतं, तूप पाजून ते पांढरं होणार नाही. तिथे ट्रायग्लिसराइडचा उपयोग नाही. पायाच्या बोटांच्या सांदीत निळं औषध टोचून जखमेत निळं येतं का बघतात. या औषधाची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून तयारीनिशी.

किडनी बदललेल्या रुग्णात नव्या किडनीशेजारी पाणी साठलं तर त्यातलं क्रिएटिनिन मोजा. रक्ताइतकं असेल तर लसिका, कितीतरी पट असेल तर लघवी.

अंगावर सूज आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) कमी, पण लघवीत प्रोटीन नाही, लिव्हर ठीक आणि रक्तात लिम्फोसाइटही कमी, तर गळती आतड्याच्या आत असू शकते. तिथे शौचातलं अल्फा-वन अँटिट्रिप्सिन हे प्रोटीन तपासायचं आणि एंडोस्कोपी करायची.

निदान होईपर्यंत आणि नंतर

रोज ड्रेन मोजा, वजन करा, अल्ब्युमिन आणि सोडियमवर लक्ष ठेवा. निदान झालं की लांब साखळीची चरबी बंद आणि एमसीटी (मध्यम साखळीच्या चरबीचं) तेल सुरू, कारण ते लसिकेच्या वाटेनं न जाता थेट लिव्हरकडे जातं. खोबरेल तेलानं त्याचं काम भागत नाही.

इथे सोलापुरातली एक अडचण सांगतो. “तेल-तूप बंद” म्हटलं की घरचे मनापासून बंद करतात. डबा उघडला की कडक भाकरी, बिनफोडणीची डाळ, आणि कोपऱ्यात शेंगा चटणी. चटणी म्हणजे तोंडी लावणं, ती कुणी तेलात धरतच नाही. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. एका आजोबांची गळती आठ दिवस थांबेना, ऑपरेशनची तारीख ठरली, तेव्हा त्यांच्या सुनेनं डबा माझ्यासमोर उघडला. चटणीच्या कडेला तेल सुटलेलं होतं. चटणी बंद केली, तिसऱ्या दिवशी ड्रेन निम्म्यावर आला आणि ऑपरेशन टळलं. सुनेचा काही दोष नव्हता. शेंगा, तीळ, कारळं, सुकं खोबरं, दुधाची साय ही नावं घेऊन आम्हीच तिला सांगायला हवं होतं.

पुढे पाठवायची वेळ आली तर पत्रात नुसतं “काइलोथोरॅक्स” (छातीत काइल साठणं) लिहून देऊ नका. कोणत्या बाजूला, रोज किती मिली, ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे आकडे पाण्यातले आणि रक्तातले, तारीख आणि वेळेसह. एडीए, सायटॉलॉजी, वजन किती उतरलं. आणि प्रत्येक नमुन्यासमोर त्याच्या आधीच्या जेवणात काय होतं, किती वाजता.